फेट्याच्या टाचण्या

बेळगावच्या परिषदेत पाहुण्यांना फेटे बांधायला माणूस मिळेना, तेव्हा ज्योत्स्नाच्या वर्गातला भीमरत्न सगळ्यांसमोर बोलून गेला, "आमच्या ज्योत्स्नाला येतंय की! लग्नात अख्खं वऱ्हाड बांधून काढती."

ज्योत्स्नाने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. पण तोवर विभागप्रमुख रचना मॅडमनी तिला रंगमंचामागच्या खोलीत नेऊन बसवलंही.

खाली दालनात तिचं पोस्टर लागलं होतं. निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बायकांच्या तळहातांतून निकोटीन अंगात किती जातं, हे तिने एमएस्सीला मोजलं होतं. पहिले तळहात तिच्या आईचे, सोनुबाईचे. पोस्टरं बघून डॉ. हिरेगौडर आज एकाच विद्यार्थ्याला पीएचडीला घेणार होते. अट एवढीच, की ज्याचं पोस्टर त्याने तिथं हजर असावं.

खुर्चीत पहिले येऊन बसले ते हिरेगौडरच.

भीमरत्नाने कापडाचं टोक ताणून धरलं. ज्योत्स्ना त्यांच्या डोक्याभोवती पीळ देत गेली. सांगायचं सगळं मनात जुळलेलं होतं, पण ओठांत टाचण्या होत्या. शेवटची टाचणी लावून ती घाईने म्हणाली, "सर, माझं पोस्टर..."

"पोस्टर पळून जात न्हाय गं," रचना मॅडम म्हणाल्या. "हे पुढचे साहेब कवाचे थांबलेत."

हिरेगौडर आरशात बघत उठले आणि खाली गेले.

पाहुणे संपेनात. एकाचे मेहुणेसुद्धा "फोटोपुरता आम्हालाबी" म्हणत बसले.

"तू पळ," भीमरत्न कुजबुजला. "मी बघतो."

"तुला कुठं बांधता येतंय रं?"

त्याने पुन्हा कापडाचं टोक ताणून धरलं. अर्धा फेटा डोक्यावर तसाच टाकून कुणाला सोडणार?

ती खाली पोचली तेव्हा तिच्या पोस्टरवर 'गैरहजर' अशी चिठ्ठी लागली होती. हिरेगौडर दाराशी गाडीची वाट बघत होते.

"सर, ते तळहातांचं पोस्टर माझं."

"हो? चांगलं काम आहे. मी बराच वेळ थांबलो तिथं, कुणी आलंच नाही. आता दुसऱ्याचं नाव देऊन झालं."

"सर, मी वर होते. तुमचा हा फेटा मीच..."

त्यांचा हात डोक्याकडे गेला. चेहरा एकदम उजळला.

"अरे, ती तू होय! बरी भेटलीस. एवढा सोडून दे बघू. केव्हाचा टोचतोय."

ते पायरीवर बसले. ज्योत्स्ना मागे जाऊन उभी राहिली, आणि एकेक टाचणी काढून ओठांत धरू लागली.