लोखंडी वस्तू, नग एक

मी एक जुना दांडा आहे. नुसता दांडा म्हटले की तुम्हाला झाडूचा आठवेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ज्यांचे पाय साथ देत नाहीत त्यांनी गाडी कशी चालवायची? माझी दोन टोके ब्रेकला आणि ऍक्सिलरेटरला घट्ट आवळायची आणि माझी मूठ हातात धरायची. पुढे ढकलले की गाडी थांबते, खाली दाबले की पळते.

मित्रांनो, माझ्या अंगावर आजवर बऱ्याच चिठ्ठ्या चिकटल्या. त्यांच्यावरूनच माझी गोष्ट सांगतो.

*चिठ्ठी: तपासले. योग्य.*

ही कारखान्यातली. एका बाईंनी मला शंभर वेळा ढकलून पाहिले, कानाशी धरून कुठे खुळखुळतो का ते ऐकले आणि मगच ही चिठ्ठी लावली. माझ्याकडे इतके लक्ष नंतर फारसे कोणी दिले नाही.

*चिठ्ठी: (तेल सांडले. वाचता येत नाही.)*

गाड्या भाड्याने देणाऱ्या कचेरीतली माझी पहिली वर्षे या डागाखाली आहेत. तिथला नियम चांगला होता. दोन दिवस आधी कळवा, गाडीत दांडा बसवून मिळेल. नियम भिंतीवर चौकटीत होता, पण भिंत ग्राहकांच्या पाठीमागे होती. कोणी फोनवर विचारलेच, तर काउंटरवरची ताई म्हणायची, बघून सांगते. आणि बघायचे राहून जायचे. तिथला फिटर मात्र दर महिन्याला मला पुसून ठेवायचा. "दांडोबा, गंजू नका," म्हणायचा.

*चिठ्ठी: उद्या सकाळी ९. पांढरी गाडी.*

अखेर एकीने दोन दिवस आधी फोन केला आणि उत्तर मिळेपर्यंत तो ठेवला नाही. ती शाळाशाळांत जाऊन मुलांचे कान तपासणारी होती. तिची गाडी दुरुस्तीला गेली होती आणि दोन दिवसांनी नव्या नोकरीची परीक्षा होती. तपासणीचे यंत्र घेऊन एकटीने तीन शाळा गाठायच्या, पहिली साडेदहाला. त्या नोकरीत ड्रायव्हर मिळत नव्हता. ती स्वतः पोहोचते की नाही, हेच त्यांना पाहायचे होते.

फिटरने आदल्या संध्याकाळी मला बसवले, चारदा दाबून पाहिले आणि तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती.

*चिठ्ठी: लोखंडी वस्तू, नग एक. पांढऱ्या गाडीत सापडली.*

ही काकांनी सकाळी लावली. काका बावीस वर्षे तिथे गाड्या धुतात. धुण्याआधी गाडीत जे जे गाडीचे नाही ते काढायचे, चिठ्ठी लावायची आणि विसरलेल्या वस्तूंच्या कपाटात ठेवायचे, ही त्यांची पद्धत. त्यांच्या हातून आजवर केसांची पिनसुद्धा हरवली नव्हती. मला गाडीत बसवलेले त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. त्यांनी पाना आणला, मला हळूच सोडवले, पुसले आणि दोन छत्र्यांच्या मध्ये उभे केले. अगदी मनापासून केले हो! मी ओरडणार तरी कसा?

नऊला ती आली. चाकांच्या खुर्चीतून सीटवर सरकली, खुर्ची घडी करून आत ओढली आणि मूठ धरायला हात पुढे केला. तिथे काहीच नव्हते.

काउंटरवरच्या ताईने लगेच कचेरीतला सर्वांत सांभाळून चालवणारा ड्रायव्हर देऊ केला.

"मॅडम, तुम्ही मागे आरामात बसा ना. तुम्हालाच बरं पडेल."

"आराम मी रविवारी करते," ती म्हणाली. "आज मला दांडा हवाय."

शोधाशोध झाली. फिटरला फोन लागला. मी स्वतः बसवलाय, तो म्हणत राहिला. मग तिने हातांनी माझा आकार करून दाखवला, एवढा लांब, खाली दोन टोकं. बादली घेऊन उभे असलेल्या काकांनी ते पाहून बादली खाली ठेवली.

कपाटाच्या फटीतून मला त्यांचे पाय दिसत होते. ते जवळ आले. परत फिरले. बावीस वर्षांचे नाव होते, आणि त्यांच्यावर कोणाचा संशयही नव्हता. पाय पुन्हा आले. दार उघडले.

"ताई, हा मीच काढला," मला दोन्ही हातांत धरून ते तिला म्हणाले. "वाटलं, कुणी विसरून गेलं."

ती म्हणाली, "काका, काढलात ते काढलात. आता बसवू मात्र नका. ब्रेकचं काम आहे, फिटरच लागेल."

फिटर आला तो ओल्या केसांनी, शर्टाची बटणे वरखाली. दहाला आम्ही निघालो. काका फाटक धरून उभे होते.

तिने घाई केली नाही. तिची पकड हलली नाही. शाळेत पोहोचायला आठ मिनिटे उशीर झाला. परीक्षा घ्यायला आलेल्या साहेबांनी आधी घड्याळ पाहिले, मग गाडीत वाकून ड्रायव्हर शोधला.

"मीच," ती म्हणाली. "उशीर का झाला ते सांगते. पण आधी मुलांचे कान बघू या का?"

तिन्ही शाळा झाल्या.

पुढच्या आठवड्यात तिने कचेरीत फोन करून नोकरी मिळाल्याचे सांगितले. तिची गाडीही दुरुस्त झाली होती. म्हणजे ती आता माझ्याकडे येणार नाही. मला आनंद झाला. थोडे रितेही वाटले.

त्या दुपारी काकांनी फिटरला मला एका उभ्या गाडीत बसवायला लावले. ते सीटवर मांडी घालून बसले, मला पुढे ढकलले, आणि बराच वेळ तसेच धरून राहिले.

मित्रांनो, मी जुना झालो. मला तेल द्या, माझे नट आवळून ठेवा, आणि मी इथे आहे हे लोकांना सांगा. मदत करायची असेल, तर काय हवे ते आधी विचारा. आणि अनोळखी वस्तू काढण्याआधी, ती कोणासाठी आहे, हेही विचारा. मला काढले की गाडीत पाय ठेवायला जागा झाली, एवढेच तुम्हाला दिसते. घरी कोण बसून राहिले, ते दिसत नाही.