जलोरीच्या खिंडीतून आलेली हिरवी सायकल

मी एक जुनी हिरवी सायकल आहे. जिभेने जरा फटकळ आहे, तेवढं सांभाळून घ्या, मित्रांनो. जयपूरच्या सोडाला भागात, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत माझा मुक्काम असतो.

माझ्या मालकीणबाई गिरिजाताई. माहेर सोलापूरचं, नोकरी बँकेत. बदली होऊन इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांनी मला घेतलं तेव्हा माझा काय तोरा होता! मजबूत सांगाडा, मागे रुंद कॅरिअर, चढासाठी खास गिअर. यजमान योगेशरावांची सायकल काळी, स्वभावाने अगदी गरीब. पाडव्याची गुढी उतरली की दोघं आम्हांला बसच्या टपावर चढवून हिमाचलात न्यायची. इथे जयपुरात ऊन तापायला लागलेलं असायचं आणि वर खिंडीत रस्त्याच्या कडेला बर्फ! बुरांशाची झाडं लालभडक फुललेली. चढावर गिरिजाताई धापा टाकायच्या, पण खाली उतरायचं नाव काढायच्या नाहीत.

एका वर्षी मात्र फजिती झाली. ओझं नको म्हणून योगेशरावांनी झोपायच्या उबदार पिशव्या घरी ठेवल्या आणि जयपुरी रजया बांधून घेतल्या. "अगं, वजन काहीच नाही आणि ऊब बघ केवढी!" जलोरीच्या खिंडीखाली तंबू ठोकला आणि संध्याकाळी गारा सुरू झाल्या. तंबूत पाणी शिरलं, रजया चिंब भिजल्या. गिरिजाताईंचे दात वाजायला लागले.

"अहो, ही तुमची ऊब आता पिळून वाळत घाला!" त्या कडाडल्या, आणि मग दोघंही हसत सुटली.

उजेड होता तोवर तंबू गुंडाळून आम्ही खालच्या गावाकडे निघालो. उतार निसरडा, पण माझ्या ब्रेकनी दगा दिला नाही. चहाच्या टपरीशी पोहोचल्यावर ताईंनी आधी माझं हँडल पुसलं. "शाबास गं बाई!" म्हणाल्या. तसं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

पुढे योगेशराव आजारपणात गेले. काळी सायकल कुणालातरी देऊन टाकली. माझ्या हँडलवर ओली फडकी आली, कॅरिअरवर कांद्यांची टोपली. कांदे! राग यायचा, पण त्याहून वाईट वाटायचं ते ताईंचं. बँक आणि घर, घर आणि बँक. हसणं तर विसरूनच गेल्या. या बाई पुन्हा कधी बाहेर पडतील का, हाच घोर मला लागून राहिला.

या वसंतात त्यांची लेक तनया मैत्रिणींबरोबर जलोरीला निघाली.

"आई, ही सायकल नेऊ?"

"नको. मला ती बघवत नाही. भंगारात देऊन टाक."

भंगारवाले भैया आले. त्यांनी मला उचललं, जिन्यापर्यंत नेलं, आणि ताई धावत आल्या. "भैया, रहने दो!" एवढं कसंबसं म्हणाल्या आणि मला धरून ढसाढसा रडल्या. माझंही काळीज हललं हो.

तनया गांगरली. "आई, मतलब... तूच चल ना आमच्यासोबत. ही तुझी, मी मैत्रिणीकडची जादा सायकल घेते. मला वाटलं, बाबांची आठवण येऊन तुला त्रास होईल, म्हणून विचारलंच नाही."

"आठवण तर इथेही येतेच गं," ताई म्हणाल्या. "कधी निघायचं?"

मित्रांनो, आम्हा सायकलींना वेळेवर तेल द्या, हवा भरा, ऊनपावसात टाकून देऊ नका. पण त्याआधी घरात गप्प बसलेल्या माणसाला एकदा विचारून बघा, 'येतेस का?' माझ्या ताई इतकी वर्षं तेवढ्याचीच वाट बघत होत्या.