पुढची जागा

खडकीच्या लष्करी मोटार-कारखान्यातून हिंदुराव निवृत्त झाले आणि त्यांनी लिलावात एक जुनी मोटार घेतली. लढाईच्या काळात तिच्यातून जखमी शिपाई नेत असत. चिंचवडला ती घरापुढं येऊन उभी राहिली तेव्हा आळीतल्या बायका पदराआड हसल्या. हिंदुरावांनी मनावर घेतलं नाही. हिवाळाभर खपून त्यांनी तिचं घर केलं. मागच्या डब्यात झोपायच्या दोन फळ्या, भांड्यांची मांडणी, पाण्याचा पिंप, स्टोव्हला पत्र्याची चौकट. उन्हाळा लागला की निघायचं, घाट बघायचे, मन लागेल तिथं मुक्काम करायचा, असा त्यांचा बेत होता.

यशोदाबाईंना हा बेत नवऱ्याइतकाच आवडला होता. लग्न होऊन त्या साताऱ्याकडून चिंचवडला आल्या, त्यानंतर लांबचा प्रवास म्हणजे माहेरची बाळंतपणं आणि मयतं. "आता तू काही करायचं नाहीस, नुसतं बघायचं," असं हिंदुराव म्हणाले होते आणि यशोदाबाईंनी ते खरं मानलं होतं.

मे महिन्यात निघायच्या दिवशी सकाळी हिंदुरावांचे मित्र नानासाहेब वळकटी घेऊन दारात उभे राहिले. ते मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले, विधुर, बोलायला गोड. त्यांना बोलावल्याचं हिंदुरावांनी बायकोला सांगितलंच नव्हतं. ते रात्री बाहेर खाटेवर झोपतील, त्यांचा काही त्रास नाही, एवढंच म्हणाले. मोटारीत पुढं दोघांचीच जागा. नानासाहेब पाहुणे, म्हणून ते पुढं बसले. यशोदाबाई मागं, भांड्यांत.

मागच्या डब्याच्या खिडक्या डोक्याच्या वर होत्या आणि त्यांच्या काचांना रंग फासलेला होता. आत भट्टी तापलेली. भोसरी गेली, मोशी गेली, ते पुढच्या माणसांच्या बोलण्यावरून कळलं. इंद्रायणीच्या पुलावर नानासाहेब पाणी बघून वा वा म्हणाले. यशोदाबाईंनी तेवढ्यात घसरणारं पातेलं पकडलं. पुढच्या खड्ड्याला आमटीचा डबा उपडा झाला आणि नेसत्या लुगड्यावर सांडला. त्यांनी मधल्या पत्र्यावर मूठ आपटली. हिंदुरावांना वाटलं, लवकर चला म्हणतेय.

चाकणला एका वडाखाली मोटार थांबली. दोघं खाली उतरले, अंग मोकळं केलं. वाटेतला फुललेला बहावा किती पिवळाधमक होता, यावर त्यांचं बोलणं चालू होतं. मग हिंदुराव मागं येऊन म्हणाले, चहा टाक, आणि चाकणचा कांदा ताजा मिळतोय, तर भजीही होऊ दे.

यशोदाबाई खाली उतरल्या. लुगड्याचा आमटीनं भरलेला भाग त्यांनी पिळला.

"बहावा कुठं होता?" त्यांनी विचारलं.

"मोशीच्या पुढं. रस्त्याला लागूनच. तू नाही बघितलास?"

इतकी वर्षं बरोबर राहिलेला माणूस हे खरंच विचारतो आहे, हे यशोदाबाईंना पटेना.

"निवृत्त तुम्ही झालात," त्या म्हणाल्या. "घरी चूल उभी तरी होती. इथं तुम्ही ती पळती केलीत आणि मला तिच्याबरोबर कोंडलंत."

हिंदुराव गोरेमोरे झाले. लोक बघताहेत, नानासाहेब काय म्हणतील, असं ते हळू आवाजात म्हणाले. नानासाहेबांनी मधे पडून समजूत घातली, की पुढं धूळ फार, ऊनही तोंडावर येतं, वहिनींना मागं सावलीत बरं, म्हणून तर ही व्यवस्था.

यशोदाबाई रस्त्याकडं गेल्या. नारायणगावला जाणारी एसटी समोर उभी होती. त्या चढल्या आणि खिडकीची जागा धरून बसल्या. हिंदुरावांना वाटलं, ती उलटी घरी निघाली. गाडी खेडच्या दिशेनं हलली तेव्हा ते मोटारीकडं पळाले.

भीमेच्या कोरड्या पात्रात वाळूवर कलिंगडांचे वेल पसरले होते. यशोदाबाईंनी ते नीट बघितले. पुढं घाट लागला. एका वळणावर खालचं सगळं खोरं उघडं पडलं, करपलेले माळ, मधेच आंब्यांची गर्द राई, धुरकट निळे डोंगर. इतकं सुंदर होतं, की त्यांचा संताप आणखीच वाढला. हे सगळं त्या भांडी धरून, अंधारात, पार करणार होत्या. मागून हिंदुरावांच्या मोटारीचा भोंगा सारखा वाजत होता. कंडक्टरनं विचारलं, ही मोटार कुणाला हाका मारतेय? यशोदाबाई म्हणाल्या, "मारू द्या."

नारायणगावला हिंदुराव संतापून खाली उतरले. चारचौघांत लाज काढलीस, ते म्हणाले. माझ्या हातांनी बांधलेलं घर सोडून एसटीत बसलीस.

यशोदाबाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग त्या नानासाहेबांकडं वळल्या.

"पुढं धूळ फार आहे, नानासाहेब. तुम्ही मागं सावलीत बसा."

त्या पुढं चढून बसल्या आणि दार लावून घेतलं. भर रस्त्यात बायकोला ओढून काढणं हिंदुरावांना शक्य नव्हतं. नानासाहेब मागं चढले. जुन्नरला उतरले तेव्हा त्यांचा सदरा अंगाला चिकटला होता आणि कपाळावर टेंगूळ आलं होतं. दुसऱ्या दिवशी, पुण्यात एक काम राहिलंय असं सांगून, ते एसटीनं परतले.

मित्राचा अपमान झाला म्हणून हिंदुराव बायकोशी बोलेनात. यशोदाबाईंनीही बोलणं टाकलं. तशीच मुकी मोटार डोंगरांच्या वाटेला लागली. एका उतरणीवर यशोदाबाईंनी हातानं थांबायची खूण केली. समोर उभा कडा होता, त्यावर घारी फिरत होत्या. त्या दगडावर जाऊन बसल्या.

हिंदुराव बराच वेळ गाडीशी घुटमळले. भूक लागली होती, पण सांगायची सोय राहिली नव्हती. शेवटी ते मागच्या डब्यात शिरले. स्टोव्ह पेटवताना त्यांचं काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं, मग भांडं पडल्याचा आवाज, मग एक शिवी. साखरेचा डबा कुठं आहे, त्यांनी आतून विचारलं. दोन दिवसांतलं ते पहिलं बोलणं.

"तिथंच आहे," यशोदाबाई म्हणाल्या. "शोधा."

चहा आला तो कढून काळा झालेला, वर तरंगणारी पूड. हिंदुराव त्यांच्या शेजारी टेकले आणि कड्याकडं बघत राहिले. यशोदाबाईंनी घोट घेतला. चहा वाईटच होता. राग गेला नव्हता आणि तो इतक्यात जाणारही नव्हता. त्यांनी कप खाली ठेवला आणि सांगितलं, की रात्रीच्या भाताला पाणी जरा बेतानं घाला.