खोल पायाचं कॉलेज

वाकेशो बाईंना आयुष्यात एकाच गोष्टीची लाज वाटायची आणि नेमकी तीच नडली. त्साव्होच्या जंगलाला खेटून टेकडीखाली जी शाळा आहे, तिच्या त्या मुख्याध्यापिका. छडी न उचलता शंभर पोरांना गप्प बसवतील, शिक्षणाधिकाऱ्याला दारात उभं करतील. पण संडास हा शब्द चारचौघांत काढायचा म्हटलं की बाईंची जीभ टाळ्याला चिकटायची.

म्हणून नैरोबीच्या पर्यटन कंपनीला पत्र लिहिताना त्यांनी सगळं मोघम ठेवलं. या कंपनीचा धंदा असा, की परदेशातल्या कॉलेजांची पोरं आणायची, सात दिवस एखाद्या गावाची सेवा करायला लावायची आणि मग तीन दिवस जीपमधून हत्ती-सिंह दाखवायचे. पुण्यही झालं, प्राणीही झाले. बाईंनी लिहिलं, आमच्या मुलींसाठी 'चोओ' हवा. एवढंच. किती, कुठे, का, काही नाही. आता स्वाहिलीत चोओ म्हणजे संडास आणि चुओ म्हणजे कॉलेज. मधल्या एका अक्षराचा काय तो फरक. ऑफिसातल्या कुणा शहाण्याला वाटलं, खेड्यातल्या बाईचा हात घसरला असेल. त्याने मोठ्या मनाने दुरुस्ती केली.

ऑगस्टात बस आली, ती 'मुलींचं कॉलेज' असा फलक लावूनच. आत बारा जणं. या कॉलेजासाठी त्यांनी आपल्या देशात केक विकले होते, शर्यती धावल्या होत्या आणि एकाने तर चक्क डोकं भादरून घेतलं होतं. त्या गुळगुळीत डोक्याकडे पाहून बाईंना कळेना, आता हसावं की रडावं.

कारण गरज खरी होती हो. शाळेमागच्या झुडपांत मुली जायच्या, वर्षानुवर्षं. गेल्या उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात एक हत्ती भर दुपारी तिथे आला. आत आठवीतली शाली बसलेली. गुडघे फोडून घेत ती कशीबशी बाहेर आली आणि दोन दिवस तोंडातून अक्षर नाही. तिचा बाप म्वांगेका तिसऱ्या दिवशी शाळेत आला आणि तिचं दप्तर उचलून निघाला. "बाई, शिकली नाही तरी चालेल, मला ती जिवंत पाहिजे," म्हणाला. शालीच्या मागून वर्गातल्या आणखी सहा मोठ्या मुली घरी बसल्या. आठवीची परीक्षा तीन महिन्यांवर. सात बाकं रिकामी दिसली की बाईंना वर्गात पाय टाकवत नसे.

कंपनीचा माणूस ओंबाती सगळ्यांसोबत आलेला. बाईंनी त्याला आंब्याखाली बाजूला घेऊन कसंबसं, खाणाखुणा करत खरं काय ते सांगितलं. तो आधी पोट धरून हसला, मग गंभीर झाला.

"बाई, आता तोंड शिवून घ्या. संडासाचा फोटो घरी नेऊन कुणी दाखवतं का? यांना कळलं तर मला बस पुढच्या गावाला वळवावी लागेल. तिथे अनाथाश्रमाला रंग द्यायचाय."

त्या अनाथाश्रमाला दरवर्षी चार वेळा रंग लागायचा. भिंती रंगानेच जाड झाल्या होत्या आणि अनाथ म्हणाल तर तीन, त्यातल्या दोघांचे आईबाप समोरच टोमॅटो विकायचे. बाईंनी तोंड शिवून घेतलं.

गवंडी कितुरी मोठा बिलंदर. त्याने दोरी लावून चार चिंचोळ्या खोल्या आखल्या आणि म्हणाला, इथे एकेक मुलगी एकटी बसून अभ्यास करील, एकाग्रता होते. पोरांना पटलं. मग खणायला लावलं. पुरुषभर खोल गेल्यावर टक्कलवाल्याने विचारलं, इतका खोल पाया कशाला? "शिक्षणाचा पाया खोलच हवा, साहेब," कितुरी म्हणाला. पोराने ते वाक्य वहीत टिपून घेतलं. त्यांच्यातल्या दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. तिकडे गावातल्या बायका मक्याच्या पिठाची उगाली घोटता घोटता तोंडात कापडाचं टोक कोंबून हसत होत्या.

चार दिवस काम मात्र पोरांनी जीव तोडून केलं, ते नाकारून चालणार नाही. हाताला फोड आले तरी थांबली नाहीत. पाचव्या दिवशी खड्ड्यावर काँक्रीटची फरशी पडली, फरशीला चार भोकं. आता भोकाचं काय सांगायचं? टॅम्सिन नावाची एक उन्हाने लालबुंद झालेली मुलगी बराच वेळ भोकात डोकावून बसली आणि सरळ बाईंकडे आली.

"बाई, हे कॉलेज नाहीये ना?"

ओंबाती लगबगीने मध्ये पडला, हवा खेळायला आहे म्हणाला. पण बाई पडल्या शिक्षिका. पोरीने खरं विचारलं तर खोटं सांगायचं कसं? नजर जमिनीला लावून त्यांनी सगळं सांगितलं. झुडपं, दुपार, शाली, हत्ती, घरी बसलेल्या सात मुली. टॅम्सिनने ओठ घट्ट मिटले, बाईंचा हात दाबला आणि सगळ्यांना गोळा केलं. बाईंना वाटलं, चला, देव पावला. आता दुप्पट जोराने काम होईल.

सभा तासभर चालली. कुणी रडलं, कुणी कुणाला मिठी मारली. शेवटी टक्कलवाला बाईंपाशी आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "हत्ती इथे येतो? जीपशिवाय, असा मोकळा?"

मग काय विचारता! सहावा दिवस सगळी झुडपात. सातवाही झुडपात. कॅमेरे, दुर्बिणी आणि उन्हाच्या मलमाचा वास टेकडीवर जाईल इतका. हत्तीला काय नाक नाही? तो कशाला येतोय मरायला. एकटी टॅम्सिन कितुरीसोबत विटा रचत राहिली, पण एका पोरीच्या हाताने काय होणार? भिंती कमरेएवढ्याच राहिल्या. संध्याकाळी त्या अर्धवट भिंतींना फीत बांधली, ती कापली, नमनाला घडाभर तेल म्हणावं तशी भाषणं झाली आणि बस सिंह बघायला गेली. टॅम्सिन जाताना बाईंच्या गळ्यात पडून सॉरी म्हणाली. बाईंनी तिची पाठ थोपटली, दुसरं काय करणार?

दोन आठवड्यांनी ओंबाती परत आला, सोबत ट्रकभर फळ्या. बाईंना वाटलं दारं आली. छे! झुडपांसमोर दोन दिवसांत झकास मचाण उभं राहिलं. 'हत्ती, गावकऱ्यांच्या सहवासात' असा नवा कार्यक्रम कंपनीने काढला होता. हत्तीसाठी पाण्याची टाकीसुद्धा बसवली. म्हणजे हत्ती आता रोज येणार आणि मुली जाणार कुठे? शाळेत पाणी आणायला मुली अर्धा कोस चालतात, आणि हत्तीला टाकी. बाईंचं डोकं सणकलं.

"भीड भिकेची बहीण असते, बाई," कितुरी म्हणाला. "तुम्ही लाजलात, म्हणून हे घडलं."

बाईंना तो शब्द आत रुतला.

मंगळवारी पाहुण्यांची नवी खेप आली. मधल्या सुट्टीला सगळे दुर्बिणी लावून मचाणावर बसलेले. घंटा झाली तशी बाईंनी शाळेतल्या झाडून सगळ्या मुलींना ओळीत उभं केलं आणि थेट मचाणाखाली नेलं. ओंबाती धावत आला, बाईंनी त्याला हातानेच बाजूला केलं. मग मान वर करून, साऱ्या रानाला ऐकू जाईल असं त्या बोलल्या.

"मी या शाळेची मुख्याध्यापिका. या माझ्या मुली. यांना संडास नाही. संडास. तुम्ही दुर्बीण लावलीय ना, त्याच झुडपात यांना बसावं लागतं, आणि त्याच झुडपात तुम्ही हत्ती बोलावलाय. तेव्हा रोज या वेळेला जरा तोंडं दुसरीकडे फिरवत चला."

मचाणावरच्या दुर्बिणी एकेक करून खाली आल्या. एका म्हाताऱ्या पाहुणीने दुर्बीण गळ्यातून काढली आणि सगळ्यांच्या आधी खाली उतरली. तिने ओंबातीला काय सुनावलं ते बाईंना ऐकू आलं नाही, पण त्याचा चेहरा पडलेला दिसला. वर्गात जाऊन खुर्चीवर बसल्यावर बाईंना रडू फुटलं, आणि त्यांनी ते पोरींपुढे लपवलंही नाही.

त्याच आठवड्यात टाकी झुडपातून निघून शाळेच्या अंगणात आली. मचाणाच्या फळ्या उतरल्या. कंपनीच्या पैशाने कितुरीने भिंती वर नेल्या आणि त्याच फळ्यांची चार दारं केली. सोमवारपर्यंत सहा मुली परत आल्या. शालीचं बाक तेवढं रिकामं.

बुधवारी प्रार्थना संपता संपता म्वांगेका फाटकातून आत आला. मागे शाली, मान खाली. त्याने बाईंना नमस्कारसुद्धा केला नाही, तडक पहिल्या खोलीत शिरला. दार लावलं. आतून कडी सरकवल्याचा आवाज आला. मग त्याने आतूनच दाराला खांद्याने धक्के दिले, एक, दोन, तीन. दार हललं नाही. सगळी शाळा बघत होती, कुणी हसलं नाही.

तो बाहेर आला आणि काखेतलं दप्तर शालीच्या हातात दिलं.

"जा," म्हणाला, "वर्ग सुरू होईल."