तापलेल्या मशीनचा काटा

वेल्डिंग मशीनची मीटरं तपासणाऱ्या कंपनीने भाचीला पहिल्यांदाच एकटीला पाठवलं होतं, आणि तेही नेमकं मामाच्या वर्कशॉपमध्ये. मामाला तिथे सगळे ‘शिंपी’ म्हणत. लोखंडाच्या दोन पत्र्यांना तो असा टाका घाली की शिवण बघत राहावी. पण हल्ली त्याच्या टाक्यांना दृष्ट लागली होती. टाक्यांची तपासणी झाली की सांधा वरून देखणा आणि आतून कच्चा निघे. हात गेला, असं लोक बोलू लागले. सोमवारपासून त्याला भांडारात बसवायचं ठरलं होतं.

मीटरच चुकीचं निघू दे, एवढंच भाचीचं सकाळपासून मागणं होतं. तिने मशीनला लोड बॉक्स जोडला, म्हणजे नुसती वीज खाऊन तापणारा लोखंडी खोका. केबलभोवती आपलं क्लॅम्प मीटर अडकवलं आणि करंट पायरीपायरीने वाढवला. व्होल्ट जुळले. अँपिअर जुळले. एकशेसाठवर मशीनचा काटा आणि तिचा आकडा अगदी गळ्यात गळा घालून उभे.

तिचं तोंड उतरलं.

“झालं समाधान?” मामा हसायचा प्रयत्न करत म्हणाला. “मीटर बिचारं खरं बोलतंय. लाव तुझं तपासणीचं स्टिकर आणि घरी चल. मामी वाट बघत असेल.”

“असा कसा एकदम हात जाईल रे?”

“एकदम कुठे? सकाळचे पहिले सांधे झकास येतात. मग दुपारकडे सगळं ढेपाळतं. वय झालं, दुसरं काय.”

स्टिकर सोलता सोलता भाचीचं बोट थांबलं. सकाळी झकास, दुपारी ढेपाळतं. दुपारपर्यंत मामा दमतो, कबूल. पण मशीनही तापतं की! आणि आपण तर ते गारच तपासलं.

ती धावतच फोरमनबाईंकडे गेली. “मॅडम, मशीन अजून थोडा वेळ चालवू द्या ना. तापवून बघायचंय.”

फोरमनबाईंनी भुवया उंचावल्या. “मामासाठी चाललंय का हे?”

“हो,” भाची बोलून गेली. “म्हणूनच तुम्ही शेजारी उभ्या राहा आणि आकडे तुम्हीच वाचा.”

बाईंना हे उत्तर आवडलं असावं. हातातलं काम टाकून त्या आल्या.

लोड बॉक्स तापला. मशीनच्या जाळीतून गरम झळ यायला लागली. तिघंही मीटरवर डोळे लावून उभी. बराच वेळ काही म्हणजे काही झालं नाही. बाई घड्याळ बघू लागल्या. तेवढ्यात काटा एकशेसाठ सोडून हळूच वर सरकला. मग आणखी सरकला. मामाचा हात सवयीने पुढे झाला आणि करंटचा नॉब मागे फिरवणार, एवढ्यात भाची ओरडली, “हात काढ!”

मामा दचकून मागे सरला. “अगं, काटा वर चाललाय! एकशेसाठच्या वर जायचं नाही, असा नियम आहे. रोज मी असाच मागे घेतो.”

“मॅडम, माझं मीटर वाचा!”

बाई वाकल्या. “एकशेसाठ,” त्या म्हणाल्या. मग मशीनकडे बघून म्हणाल्या, “आणि इथे एकशेऐंशी? खरं कोण?”

भाचीने शेजारच्या वेल्डरचं तापलेलं मशीन घेतलं आणि आपलं मीटर त्यावर लावून बघितलं. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले. म्हणजे खोटारडं होतं ते मामाचंच मशीन. करंट होता तेवढाच होता, काटा उगाच वर चढत होता आणि मामा बिचारा इमानाने नॉब मागे घेत होता. सांध्याला पुरेशी आच मिळणार कुठून?

वीज तोडून तिने मागचं झाकण उघडलं. मीटरकडे माप पोचवणाऱ्या पट्टीचा बोल्ट ढिला होता, तापून तपकिरी पडला होता. मशीन गरम झालं की तिथेच माप बिघडत होतं. तिने पट्टी घासून लख्ख केली, बोल्ट आवळला आणि सगळं पुन्हा तापवलं. या वेळी काटा एकशेसाठवर ठाण मांडून बसला.

“मामा, आता टाक एक सांधा!”

मामाने मुखवटा खाली ओढला. ठिणग्या उडाल्या, आवाज एकसुरी, भरदार येत होता. तुकडा निवल्यावर बाईंनी स्वतः तो प्रेसमध्ये धरला आणि पार घोड्याच्या नालासारखा वाकवला. सांध्यावर चीर नाही, केसाएवढीसुद्धा नाही!

भोवती जमलेल्या वेल्डरांनी एकच गिल्ला केला. मामा मात्र तो वाकलेला तुकडा उलटापालटा करत बसला. “मला वाटलं होतं, संपलो मी,” तो पुटपुटला. भाचीने त्याचा दंड घट्ट धरला.

फोरमनबाईंनी घसा खाकरला. “सोमवारी भांडारबिंडार काही नाही, शिंपी. आणि ताई, बाकीची सगळी मशीनंसुद्धा अशीच तापवून तपासायची.”

“आत्ता?” भाचीचे डोळे चमकले.

“आत्ता!” असं म्हणत मामानेच लोड बॉक्सचं एक हँडल उचललं. “धर गं दुसरीकडून. बघत काय राहिलीस?”