अर्थिंगची तार

बास गिटारचा ॲम्प उघडला आणि ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फ्यूजच्या जागी कुणीतरी तांब्याची जाड तार पिळून ठेवली होती. फ्यूज सारखा उडतोय ना, मग तो का उडतोय ते कशाला बघायचं, घाला तार! बँडमधल्या सगळ्यांची मिळून अक्कल एवढीच. बँड तिच्या नवऱ्याचा, त्यात बास गिटार वाजवायचा आणि गायचा तिचा धाकटा भाऊ, आणि बिघडलेलं निस्तरायला ही.

तिने तार उपसून फेकली, नवा फ्यूज घातला आणि नेहमीच्या सवयीने ॲम्प बल्बमधून लावला. वीज आधी बल्बमधून जाते, मग ॲम्पमध्ये. आत शॉर्ट असला तर बल्ब लख्ख पेटतो आणि बाकी काही जळत नाही. बल्ब लख्ख पेटला. स्पीकर चालवणारा भाग सुटा केला, तरी लख्ख. म्हणजे पॉवर सप्लायच. त्यातला एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर काढला तेव्हा कुठे बल्ब विझत आला.

एवढंच असतं तर काम सोपं होतं. पण ट्रान्सफॉर्मरला करपल्याचा वास होता. त्या तारेच्या कृपेने तो तापून तापून आतून भाजला होता, आणि मीटर लावल्यावर कळलं की लाइनची वीज थेट ॲम्पच्या पत्र्यावर उतरतेय. असं झालं तर अर्थिंगमुळे घरचा ब्रेकर पडायला हवा. तो का पडला नाही म्हणून तिने प्लग खोलला. अर्थिंगची तार कापलेली होती. टोक दुमडून त्यावर टेप, अगदी नीटनेटकी. तार कापली की स्पीकरची घूं घूं कमी होते, हा असल्या शहाण्यांचा जुना उपाय.

पंधरवडा झाला, भाऊ सांगत होता की गाताना माइक ओठांना चावतो. पत्र्यावरची वीज गिटारच्या तारांत येते; हात तारांवर, तोंड माइकला, आणि वीज मधून जाणार. नवऱ्याने चारचौघांत त्याची टिंगल केली होती, स्टेजला घाबरतो, नाटकं करतो म्हणून. आजच्या कार्यक्रमात नीट गायला नाहीस तर दुसरा बासवाला बघतो, असंही बजावलं होतं. पोरगं गेल्या आठवड्यापासून नीट जेवत नव्हतं.

भंगारातल्या ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर काढून तिने बसवला, रेक्टिफायर बदलला, अर्थिंग जोडली, पत्र्यावर वीज नाही ना हे दोनदा तपासलं. कापलेल्या तारेबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. संध्याकाळी नवरा ॲम्प न्यायला आला तेव्हा माइक आणि गिटार तिने मांडूनच ठेवले होते.

"झाला का?" त्याने विचारलं.

"झाला. एकदा तुम्हीच बघा वाजवून. तोंड माइकजवळ न्या."

तो हसला. आपल्याला कुठे बास येतो, म्हणाला. नुसती तार छेडा, ती म्हणाली. त्याने दोन्ही हात खिशात घातले.

"प्लग उघडला होतास का तू?"

झालं. विचारायचं काही उरलंच नाही. तरी तिने विचारलं, तार का कापलीत, आणि तो त त प प करत सांगू लागला, की घूं घूं फार येत होती, लोक नावं ठेवत होते, जरासं झिणझिणतं, त्याने कुणी मरत नाही.

"मग धरा ना."

त्याचे हात खिशातून निघाले नाहीत.

"मी जोडलीय अर्थिंग. आता काही होत नाही. तरी धरवत नाही तुम्हाला, आणि माझ्या भावाला रोज धरायला लावत होतात?"

भाऊ दारातच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो आत आला, भावजींकडे न बघता गिटार काढून पेटीत ठेवली आणि ताईला म्हणाला, चल, मला भूक लागलीय. दोघं स्वयंपाकघरात गेली. बाहेर बँडची गाडी बराच वेळ हॉर्न वाजवत राहिली.