व्हँपायरला ‘आत ये’ म्हणू नये

लालबागच्या त्या चाळीत दुसऱ्या माळ्यावर दुपारी तीन वाजता रात्र झाली. सिनेमावाल्यांनी गॅलरीला या टोकापासून त्या टोकापर्यंत काळं कापड लावलं, वाळत घातलेले कपडे घड्या करून ज्याच्या त्याच्या घरी पोचवले आणि एक निळा दिवा पेटवून म्हणाले, हे चांदणं. घड्या बघून निम्म्या बायकांचं सिनेमाबद्दल चांगलं मत झालं. उरलेल्या निम्म्यांचं झालं नाही, कारण काम मिळालं होतं ते कमलाबाई परबांना.

काम एकाच प्रसंगाचं, पण कमलाबाईंचे कणकवलीपासून काळाचौकीपर्यंत सगळ्यांना फोन करून झाले होते. आठ दिवसांपूर्वी डिरेक्टर अनुजा, दादरची, वय एकोणतीस, खोली बघायला म्हणून आली. ती चहा, घावणे आणि ‘लग्नाचं काय?’ एवढं सगळं पदरात घेऊनच जिना उतरली. उतरता उतरता म्हणाली, “काकू, हिरॉइनची आजी तुम्हीच करा.” जिच्या आदरातिथ्यावर भाळून काम दिलं, तिला काम दिलं ते दारातून माणूस हाकलायचं. शिकलेल्या माणसांच्या चुका अशाच असतात.

सिनेमा काय आहे ते नातीने, पूर्वीने, समजावून सांगितलं होतं.

“आजी, हिरो व्हँपायर असतो. दिसतो सतरा वर्षांचा, पण वय दीडशे.”

“आणि करता काय?”

“माझ्यासारखाच अकरावीत असतो.”

बाबुरावांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, “दीडशे वर्षांत बारावीला गेला नाही? त्याला मुलगी देणार कोण?”

“आजोबा, लव्हस्टोरी आहे ती!”

“म्हणजे गावच्या वेशीवरचो देवचारच म्हण की,” कमलाबाई म्हणाल्या.

“देवचार नाही गं. हा रक्त पितो.”

“मग देवचार बरो. विडी ठेवली की गप जाता.”

“नीट ऐक. घरातल्या माणसाने ‘आत ये’ म्हटल्याशिवाय व्हँपायरला उंबरा ओलांडता येत नाही. हा नियम आहे. तो दारात येतो आणि तू त्याला आत घ्यायचं नाहीस. बस, एवढंच.”

कमलाबाई म्हणाल्या, “आणि तो दारातच उभा राहणार?”

“हो.”

“किती वेळ?”

“आजी!”

तेव्हाच कुणीतरी सावध व्हायला हवं होतं.

पहिला टेक. दारावर टकटक झाली, कमलाबाईंनी दार उघडलं. समोर सिद्धांत, म्हणजे हिरो, काळ्या कोटात. चेहरा तांदळाच्या पिठासारखा पांढरा, ओठांतून बाहेर डोकावणारे दोन सुळे. तो दबक्या आवाजात म्हणाला, “मला आत येऊ द्याल?”

“अरे, ये ये! भायर कित्याक उभो?”

“कट,” अनुजा म्हणाली.

दुसऱ्या टेकला वाक्य अगदी चोख आलं. “तुला या घरात बोलावणं नाही. निघून जा.” अनुजाचा चेहरा खुलला. तेवढ्यात कमलाबाईंनी पुढे जोडलं, “पण पाणी तरी पिऊन जा रे.”

तिसऱ्यात जास्तीचं बोलल्या नाहीत, पण हात आपोआप मागे गेला आणि त्याने स्टूल पुढे ओढलं. चौथ्यात हात पदरात गुंडाळून घेतले, तर पाय सरकले. “निघून जा” म्हणता म्हणता बाई एका बाजूला झाल्या आणि दारात माणूस जाईल एवढी वाट करून दिली. पाचव्यात त्या पोराकडे टक लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “जेवलंस?” सिद्धांत भला मुलगा. त्याने खरं सांगितलं, “नाही.” मग सगळंच संपलं.

अनुजा कपाळावरचा घाम पुसत जवळ आली. “काकू, साडेचारला तुमच्याकडे पाणी येतं. पिंपं वाजायला लागली की मला आवाज घेता येणार नाही. उद्या आम्ही वरळीला. आत्ता नाही झालं, तर... मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल.”

एवढं मऊ बोलली की कमलाबाईंना ते जास्त लागलं. कणकवलीला आता काय सांगायचं? आणि पूर्वी भिंतीला टेकून उभी होती, ओठ दाताखाली धरून. वर्गातल्या सगळ्या पोरींना तिने सांगून ठेवलं होतं.

“मॅडम, नाही म्हणणारं माणूसच हवंय ना?” गर्दीतून दीपक म्हणाला. दीपक चाळीचा सेक्रेटरी. कुणाच्याही अडचणीत त्याचा आवाज आधी पोचतो. “मग शेवटची खोली. रमाबाई.”

गॅलरीभर हशा पिकला. चौतीस वर्षांत रमाबाईंच्या घरात आतून काय आहे, हे चाळीत कुणाला ठाऊक नव्हतं. दाराच्या फटीतून दिसायचं ते फक्त कॅलेंडर, आणि त्यावरची तारीख बघून लोक परत यायचे. रमाबाई मात्र प्रत्येकाच्या बारशाला, पूजेला, हळदीकुंकवाला पहिल्या रांगेत. कमलाबाईंच्या डोक्यात याची नोंद पक्की होती. आपल्याकडे त्या आल्या असतील दोन-तीनशे वेळा, आपण त्यांच्या उंबऱ्याच्या आत शून्य.

अनुजा हसली नाही. “बोलवा त्यांना.”

चार मिनिटांत रमाबाई आल्या त्या रेशमी साडीत, पावडर लावून. एवढ्या वेळात माणूस असं तयार होत नाही. बाई सकाळपासून तयार बसल्या होत्या. कमलाबाईंना बाहेर स्टुलावर बसवलं आणि कमलाबाईंच्याच दारात रमाबाई उभ्या राहिल्या. बाबुराव आत खाटेवर होते. त्यांनी पेपर थोडा खाली घेतला.

“ॲक्शन.”

“मला आत येऊ द्याल?”

रमाबाईंनी एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं, एकदा गॅलरीभर उभ्या असलेल्या चाळीकडे, आणि त्यांचं तोंड फुललं. “अगं बाई! या ना, या! दारात का उभे? मी चहा टाकते हं, बसा. पोहे चालतील ना?”

सगळी चाळ एकमेकांकडे बघू लागली.

“कट. रमाकाकू, नाही म्हणायचंय.”

“हो हो, कळलं.”

दुसऱ्या खेपेला त्यांनी पोह्यांबरोबर लाडूही देऊ केले. तिसऱ्या खेपेला, “आता जेवूनच जा.” चौथ्या खेपेआधी हात जोडून म्हणाल्या, “नाही हो मॅडम, दारातल्या माणसाला असं वाईट नाही बोलवत माझ्याच्यानं.”

“दुसऱ्याच्या दुधाचो चहा,” कमलाबाई पुटपुटल्या. “ह्यात हिचा काय जाता?”

पण पुटपुटता पुटपुटता त्यांच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. चौतीस वर्षं आपण त्या शेवटच्या दारात उभ्या राहिलो. कधी विरजण मागायला, कधी प्रसाद द्यायला, एकदा तर पाऊण तास, हातात गरम ताट घेऊन. एकदा तरी ही बाई ‘जा’ म्हणाली? कधीच नाही. आणि आपण एकदा तरी आत गेलो?

त्या स्टुलावरून उठल्या. “अनुजा, इकडे ये गो. तुझं ते वाक्य माझ्या तोंडात बसत नाही. मी माझं बोलले तर चालेल?”

“काहीही बोला काकू. फक्त त्याला आत बोलावू नका.”

“बोलवणार नाही. पण नाहीसुद्धा म्हणणार नाही.”

घड्याळात चार वाजून एकवीस मिनिटं झाली होती. अनुजाने खांदे उडवले. “ॲक्शन.”

टकटक. दार उघडलं, पण चारच बोटं. फटीत एक डोळा, अर्धं कुंकू आणि दोन बांगड्या.

“मला आत येऊ द्याल?”

“अगंबाई, तू होय!” आवाज असा गोड, की त्यात माशी अडकावी. “मी म्हटलं कोण आलं! किती दिवसांनी रे. आत बोलावलंच असतं तुला, पण बघ ना, आत्ताच फरशी पुसली. आणि ह्यांचा नुकता कुठे डोळा लागलाय. आणि चहा आमचा सगळ्यांचा आत्ताच झाला, पाच मिनिटं आधी आला असतास तर! आई बरी आहे ना? नमस्कार सांग. पुढच्या वेळी असा घाईत येऊ नकोस हं, चांगलं जेवायलाच ये.”

आणि दार हळूच लागलं. आपटलं नाही, नुसतं मिटलं.

सिद्धांतने एक पाय उचललेला होता. आपल्याला बोलावलं की हाकललं, हे त्या दीडशे वर्षांच्या पोराला खरोखरच कळलं नाही. पाय हवेत राहिला, उंबऱ्याकडे गेला, परत आला. शेवटी त्याने तो मुकाट्याने खाली टेकवला आणि बंद दाराला म्हणाला, “बरं, सांगतो आईला.”

अनुजा ‘कट’ म्हणायचं विसरली. ते दीपकने म्हटलं, आणि मग गॅलरी अशी हसली की काळं कापड एका बाजूने सुटलं आणि लालबागचं दुपारचं ऊन धाडकन आत आलं. पूर्वी उड्या मारत होती. कमलाबाई दार उघडून बाहेर आल्या. हसणं ओसरलं तशा सगळ्यांच्या नजरा हळूहळू एकाच माणसावर जमल्या.

रमाबाई ओठ मिटून उभ्या होत्या. चौतीस वर्षांची शेजारीण आता भांडणार, की रडणार?

“आधी चहा,” रमाबाई म्हणाल्या.

“काय?”

“आधी चहा सांगायचा, मग फरशी. फरशी आधी सांगितली तर माणूस म्हणतो, मी चपला काढून येतो. आणि ‘डोळा लागलाय’ सगळ्यात शेवटी. त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.” मग जरा थांबून कमलाबाईंकडे बघत म्हणाल्या, “बाकी आवाज बरा काढलास हो.”

कमलाबाईंना हसू आवरेना. त्या दोघी एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून अशा हसल्या, की हळदीकुंकवालाही कधी हसल्या नव्हत्या.

“एकदा अजून घेऊ, सेफ्टीसाठी,” अनुजा म्हणाली.

“आता नाही,” कमलाबाई म्हणाल्या. नकार त्यांच्या तोंडातून एकदम साफ निघाला. “पोरगं उपाशी आहे. कॅमेरा बाहेर ठेव आणि तूही आत ये.”

पिंपांत पाणी धो धो पडायला लागलं तेव्हा सिद्धांत खाटेच्या कडेला बसून कोळंबीची आमटी भुरकत होता. सुळे त्याने काढून बशीत ठेवले होते, आणि बाबुराव चष्मा लावून ते तपासत होते. अनुजा जेवता जेवता मांडीवरच्या कागदांवर खाडाखोड करत होती.

“काकू, मी गोष्टच बदलते. हा मुलगा आता एकदा येऊन जाणार नाही. सिनेमाभर येत राहणार, पाच वेळा. आणि दर वेळी तुम्ही त्याला असंच परत पाठवणार. तुमचे शूटिंगचे दिवस वाढले. वरळीहून परत आलो की करू.” तिने पेन तोंडात धरलं. “पण पाच वेळा म्हणजे पाच कारणं लागतील. कुठून आणायची?”

कमलाबाईंनी हातातला आमटीचा डाव दरवाज्याकडे रोखला. तिथे रमाबाई उभ्या होत्या, हातात आमटीची वाटी घेऊन. “ही काय, उभी आहे तुझी लेखिका. पाच काय, पन्नास देईल.”

“देईन की,” रमाबाई खुशीत म्हणाल्या. “ये ना गं अनुजा घरी, निवांत बसून सांगते. म्हणजे आज नको. आज आमचा गॅस संपलाय.”

अनुजाने मान वर केली नाही. तिने ते लिहून घेतलं.